तुमच्या छोट्या ॲम्प्लिफायर बोर्डात लपलेला माणूस: हॅरल्ड ब्लॅक

माझ्या टेबलावर गेले काही महिने चार छोटे क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्ड पडून आहेत. एक पीएएम८४०३ चा, काडेपेटीपेक्षा लहान आणि मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालणारा. दोन टीपीए३११६ चे, वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले. आणि एक टीपीए३२५५ चा, त्यातल्या त्यात महाग. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात, तर असे बोर्ड ढिगाने दिसतील. मला एवढंच बघायचं होतं, की यातला कुठला चांगला वाजतो आणि का.

पहिल्याच दिवशी मी फसलो. दोन्ही टीपीए३११६ बोर्डांवर चिप एकच, तरी एक मला फारच मोकळा आणि खणखणीत वाटला. मित्रांना सांगूनही टाकलं. मग मल्टिमीटर लावला, तेव्हा कळलं की तो बोर्ड फक्त मोठ्याने वाजत होता. या चिपचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, बोर्डावरच्या रेझिस्टरने ठरतो: २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल. माझ्या एका बोर्डावर २६ होता, दुसऱ्यावर ३२. म्हणजे व्होल्टेज सरळ दुप्पट. जरा मोठा आवाज आपल्या कानाला चांगला आवाज वाटतो, ही जुनी गोष्ट आहे. दोघांचा आवाज मोजून सारखा केला आणि फरक जवळजवळ गायब झाला.

पण एक फरक गेला नाही. ४ ओहमचे स्पीकर काढून ८ ओहमचे लावले, की टीपीए३११६ च्या बोर्डांवर अगदी वरच्या पट्टीत, झांजांच्या टोकाला, आवाज किंचित बदलायचा. टीपीए३२५५ च्या बोर्डावर तसं होत नव्हतं. याचं कारण शोधत मागे मागे गेलो, तर थेट १९२७ सालच्या एका बोटीवर पोहोचलो. त्या बोटीवरचा माणूस होता हॅरल्ड स्टीफन ब्लॅक. क्लास-डी बोर्ड त्याने बनवला नाही. पण बोर्ड ऐकण्यालायक ज्यामुळे होतो, ती कल्पना त्याची.

ब्लॅकचा जन्म १४ एप्रिल १८९८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेमिन्स्टर गावचा. वूस्टर पॉलिटेक्निकमधून १९२१ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरिंग विभागात लागला. हाच विभाग १९२५ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीज झाला.

नोकरी लागून काही महिने होतात न होतात तोच पगारवाढीची वेळ आली. बरोबरच्या सगळ्यांना १० टक्के मिळाली, ब्लॅकला नाही. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही. तो इतका चिडला की नोकरी सोडून धंद्यात पडायचं त्याच्या मनात आलं. सोडली मात्र नाही. उलट रविवारी ऑफिसला जाऊन कंपनीच्या जुन्या तांत्रिक फाइली पहिल्यापासून वाचायला लागला. त्या फाइली सुरू होत होत्या १८९८ पासून, म्हणजे बरोबर त्याच्या जन्मसालापासून. कंपनीला नेमकं काय अडलंय, हे त्याला असं रविवारच्या रविवार उमगत गेलं.

अडलं होतं ते असं. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को फोन १९१५ पासून लागत होता. तारेतून जाताना आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी व्हॅक्यूम ट्यूबचे ॲम्प्लिफायर बसवायचे. आता कंपनीला एकाच तारेवरून एकाच वेळी खूप संभाषणं पाठवायची होती. त्यासाठी वाटेत ॲम्प्लिफायरही खूप जास्त लागणार होते. ब्लॅकने हिशेब मांडला तो हजार ॲम्प्लिफायर एकामागोमाग एक जोडण्याचा. इथे सगळं बिघडतं. प्रत्येक ट्यूब आवाजात थोडी विकृती घालते. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. एका ॲम्प्लिफायरची थोडी विकृती कानाला चालून जाते. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स असं हजार वेळा केलं तर काय उरेल? शिवाय एका संभाषणाची विकृती शेजारच्या संभाषणात घुसायची ती वेगळीच.

सगळे इंजिनिअर जास्त चांगली ट्यूब बनवण्याच्या मागे होते. ब्लॅकही दोनेक वर्षं त्यातच अडकला. मार्च १९२३ मध्ये त्याने चार्ल्स स्टाइनमेट्झ या त्या काळच्या गाजलेल्या इंजिनिअरचं भाषण ऐकलं. कुठलाही प्रश्न थेट मुळाशी नेऊन सोडवायची स्टाइनमेट्झची पद्धत त्याला भिडली. त्या रात्री उशिरा घरी आल्यावर त्याने स्वतःचा प्रश्नच बदलला. ॲम्प्लिफायर खराब आहे, तो तसाच राहणार, हे मान्य करायचं. मग बाहेर आलेल्या आवाजातून फक्त विकृती कशी काढता येईल?

मला सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वात जास्त आवडतो. निर्दोष भाग मिळेपर्यंत थांबायचं नाही. सदोष भाग आहे असं धरूनच रचना करायची.

पहिलं उत्तर त्याला लगेच सुचलं. बाहेर आलेला सिग्नल योग्य प्रमाणात लहान करा आणि मूळ सिग्नलशी ताडून पाहा. दोन्हींतला फरक म्हणजे विकृती. ती वेगळ्या ॲम्प्लिफायरने वाढवा आणि मुख्य आउटपुटमधून वजा करा. आज याला फीडफॉरवर्ड म्हणतात. दुसऱ्याच दिवशी त्याने ते प्रयोगशाळेत जोडून दाखवलं. चाललंही. पण वजाबाकी अचूक यायची तर दोन्ही वाटा काटेकोर जुळलेल्या हव्यात, आणि ट्यूब तर तासातासाला बदलते. दर तासाला कुणीतरी उठून फिलामेंटचा करंट नीट करायचा, दिवसरात्र. गावोगावच्या खांबांवर हे कोण करणार?

पुढची चार वर्षं तो याच भिंतीवर डोकं आपटत राहिला.

२ ऑगस्ट १९२७, मंगळवार. ब्लॅक न्यू जर्सीत राहायचा आणि रोज सकाळी होबोकेनहून लॅकावाना कंपनीच्या बोटीने हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनला कामावर जायचा. त्या दिवशी बोटीवर उभा असताना त्याला एकदम सुचलं, की आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटलाच द्यायचा. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्यातल्या एका पानावर बरीच कोरी जागा होती. तिथेच त्याने आकृती आणि समीकरणं काढली, खाली सही केली. ऑफिसला पोहोचल्यावर एका सहकाऱ्याला समजावून त्याचीही साक्षीदार म्हणून सही घेतली. ब्लॅक तेव्हा २९ वर्षांचा होता.

यात एवढं काय आहे, ते एका हिशेबाने बघू. समजा ॲम्प्लिफायर सिग्नल १,००,००० पट वाढवतो. आउटपुटचा दहावा भाग उलटा करून इनपुटला दिला, तर एकूण वाढ उरते ९.९९९ पट. आता ट्यूब जुनी झाली आणि १,००,००० चे ५०,००० झाले. एकूण वाढ किती? ९.९९८ पट. आतला भाग अर्धा मेला, बाहेर पत्तासुद्धा लागला नाही. वाढ आता ट्यूब ठरवत नाही, तो दहावा भाग काढणारे साधे रेझिस्टर ठरवतात, आणि ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत. ट्यूबने घातलेली विकृतीही त्याच प्रमाणात दबते, कारण ती उलटी होऊन परत येते आणि स्वतःलाच खोडते. याचं नाव निगेटिव्ह फीडबॅक. २९ डिसेंबर १९२७ ला प्रयोगशाळेत विकृती ५० डेसिबलने, म्हणजे पॉवरच्या हिशेबात एक लाख पटीने, खाली आली.

एवढ्यावर त्याला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? झालं उलटंच. ट्यूबमधून जास्तीत जास्त वाढ काढायला लोकांनी वीस वर्षं घासली होती, आणि हा मुलगा लाख पट वाढ फेकून दहा पट ठेवा म्हणत होता. शिवाय आउटपुट इनपुटला जोडलं की ॲम्प्लिफायर शिट्टी मारायला लागतो, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर नेल्यावर होते ती शिट्टी. ब्लॅकच्या वरिष्ठांनीच त्याला नेहमीसारखे ॲम्प्लिफायर करायला सांगितलं. ८ ऑगस्ट १९२८ ला पेटंटचा अर्ज गेला. पेटंट ऑफिसचा विश्वास बसेना. ब्रिटिश पेटंट ऑफिसने तर त्याला इंधनाशिवाय कायम फिरणाऱ्या यंत्रांच्या रांगेत बसवलं. अमेरिकेत पेटंट हातात पडलं २१ डिसेंबर १९३७ ला. नऊ वर्षं गेली.

दरम्यान काम थांबलं नव्हतं. १९३० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला केबलवर ७० फीडबॅक ॲम्प्लिफायर एकामागोमाग लावून चाचणी झाली आणि ते टिकले. शिट्टीच्या भीतीलाही उत्तर मिळालं, ते बेलमधल्याच हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये दिलं. परत येणारा सिग्नल वाटेत किती उशिरा पोहोचतो यावर सगळं अवलंबून आहे. फार उशीर झाला तर जे खोडायला पाठवलं ते भर घालायला लागतं, आणि शिट्टी सुरू. तो उशीर किती चालेल हे कागदावर आधीच काढता येतं, हे नायक्विस्टने दाखवलं. ब्लॅकचा स्वतःचा लेख जानेवारी १९३४ मध्ये छापून आला.

आता माझ्या टेबलावर परत येऊ. क्लास-डी मध्ये ट्रान्झिस्टर फक्त पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, सेकंदाला काही लाख वेळा. आवाज असतो तो या पल्सच्या रुंदीत. म्हणून बोर्ड फारसा तापत नाही, आणि म्हणूनच तुमच्या फोनच्या लाउडस्पीकरमागेही बहुतेक असाच ॲम्प्लिफायर असतो. फीडबॅक नसेल, तर पॉवर सप्लायमधली प्रत्येक थरथर थेट स्पीकरला जाते, कारण पल्सची उंची म्हणजे सप्लायचं व्होल्टेज. ब्रिटनमध्ये १९६४ साली सिंक्लेअर कंपनीने एक्स-१० नावाचा क्लास-डी ॲम्प्लिफायरचा किट विकला. नावात १० वॉट, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, आणि आवाजाबद्दल न बोललेलं बरं. तेव्हाचे ट्रान्झिस्टर या कामाला पुरेसे वेगवान नव्हते.

आजच्या टीपीए३११६ मध्ये फीडबॅक आहे, पण तो चिपच्या आउटपुट पायांपाशीच परत फिरतो. त्यानंतर बोर्डावर जी कॉइल आणि कपॅसिटर दिसतात, पल्स गाळून आवाज वेगळा करणारी, ती फीडबॅकच्या बाहेर राहतात. त्यांचा परिणाम कुणी तपासत नाही. स्पीकर ४ ओहमचा की ८ चा, यावर त्या फिल्टरचं वरच्या टोकाचं वागणं बदलतं. मला ऐकू आलेला बारीक फरक हाच होता. स्वस्तातली, लवकर सॅच्युरेट होणारी कॉइल असेल तर तिची विकृतीही तशीच्या तशी स्पीकरला जाते. माझ्या टीपीए३२५५ बोर्डवाल्याने फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेतला आहे. म्हणजे फिल्टरही ब्लॅकच्या वर्तुळात आला. सगळेच तसं का करत नाहीत? नायक्विस्ट. फिल्टरमुळे सिग्नल आणखी उशिरा परत येतो आणि नीट हिशेब केला नाही तर बोर्ड शिट्टी मारतो, किंवा सरळ जळतो.

तुम्ही घरी अशी तुलना करणार असाल तर एक सांगून ठेवतो. या बोर्डांची स्पीकरची मायनस तार म्हणजे ग्राउंड नव्हे, दोन्ही तारांवर सिग्नल असतो. दोन बोर्डांच्या मायनस एकत्र बांधून फक्त प्लस बदलणारा स्विच लावू नका. दोन्ही तारा एकत्र बदलणारा स्विच घ्या. आधी ४०० हर्ट्झचा टोन लावून, मल्टिमीटरने दोन्ही बोर्डांचं व्होल्टेज सारखं करा, मगच गाणी.

ब्लॅकचं आणि पल्सचं नातंही पुढे जुळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो पल्सच्या जागेत आवाज बसवून आठ संभाषणं पाठवणाऱ्या लष्करी रेडिओ यंत्रणेवर काम करत होता. १९५३ मध्ये त्याचं मॉड्युलेशन थिअरी हे पुस्तक आलं. पल्सची रुंदी आवाजाप्रमाणे बदलली की त्यात मूळ आवाजाशिवाय आणखी काय काय मिसळतं, याचं गणित त्यात आहे. क्लास-डी वर लिहिणारे इंजिनिअर आजही त्या पुस्तकाचा हवाला देतात. म्हणजे बोर्डावरचा पल्सवाला भाग आणि तो सुधारणारा फीडबॅकवाला भाग, दोन्हींच्या मुळाशी हाच माणूस भेटतो.

१९६३ मध्ये तो बेलमधून निवृत्त झाला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. ११ डिसेंबर १९८३ ला न्यू जर्सीतल्या समिटला तो वारला, वय ८५. शेवटच्या दिवसांत तो आत्मचरित्र लिहीत होता. त्याचं नाव त्याने ठरवलं होतं ते बोट धक्क्याला लागण्याआधीच्या त्या काही मिनिटांवरून.