बुरुड राजाचा कोट उकरला आणि आत सापडला बौद्ध स्तूप. हे शोधणाऱ्या पंडितांना इंग्रजी जेमतेम यायचं

मालाडहून विरार लोकल पकडली की तासाभराच्या आत नालासोपारा येतं. आज नाव काढलं की आधी गर्दीच आठवते. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. याचा भक्कम पुरावा मिळाला १८८२ मध्ये आणि तो शोधला पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. जन्म १८३९ चा. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्यावर सम्राट अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तीन काळांतले लेख कोरलेत. जेम्स प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हाती आला आणि या पोराने तो खडक वाचायला घेतला.

ही कीर्ती मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानावर गेली. त्यांनी भगवानलालना बोलावून घेतलं. मग लेण्या-लेण्यांतून शिलालेखांचे ठसे घेत ते देशभर फिरले, थेट नेपाळपर्यंत गेले. नाणेघाटातल्या लेखांमधले प्राचीन आकडेही त्यांनी उलगडून दाखवले.

१८७४ मध्ये भाऊ दाजी गेले आणि आधार तुटला. इंग्रजी जेमतेम असल्याने भगवानलाल गुजरातीत लिहायचे आणि जॉर्ज ब्यूलरसारखे विद्वान त्याचं भाषांतर करायचे. काम मात्र थांबलं नाही.

सोपाऱ्यात एका टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. भगवानलालना तो स्तूप वाटला. एप्रिल १८८२ मध्ये मधोमध खणल्यावर विटांच्या कोठडीत गोल दगडी पेटी मिळाली. आत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडक. त्यात काय? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. हे बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असं भगवानलालना वाटलं.

पेटीतलं चांदीचं नाणं यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं निघालं. मूर्तींची घडण मात्र कित्येक शतकांनंतरची आहे. म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला गेला होता.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अशोकाची आज्ञा कोकण किनाऱ्यावर कोरली गेली होती, हे त्यातून पक्कं झालं. सोपाऱ्यावरच्या निबंधातच त्यांनी मालाडच्या शेजारच्या आकुर्लीतल्या पडण टेकडीची नोंद केली. तिथल्या खडकावर पावलांचे ठसे आणि छोटे लेख कोरलेले होते.

१८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १६ मार्च १८८८ ला, अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला, हस्तलिखितं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला.

सोपाऱ्याचे करंडकही एशियाटिक सोसायटीकडे आले. अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आणि स्तूप? तो नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला आहे. तिथे जायला लोकलचं तिकीट पुरतं.