वाटाण्याचा वेल आणि दादासाहेब फाळके



रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की ओलसर शेतात वाल पेरतात. तुमच्या म्हसळ्याच्या आसपासही तुम्ही वालाची शेते पाहिली असतील. आज टाकलेले बी काही दिवसांनी माती बाजूला सारून वर येते. मग दोन पाने दिसतात आणि हळूहळू वेल पसरतो. पण मला सांगा, वेल वाढताना तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे का? वाढलेला वेल सर्वांनी पाहिला आहे. वाढणारा वेल मात्र कोणाला दिसत नाही, कारण त्याची गती फार मंद असते आणि आपले डोळे तेवढा वेळ एका जागी थांबत नाहीत.

जे डोळ्यांना दिसत नाही, ते आपल्या देशातील एका माणसाने १९१२ साली लोकांना पडद्यावर दाखवले. त्यासाठी त्याने एक लहानसे रोप घेतले आणि त्याच्यासमोर एक साधा, हाताने फिरवायचा कॅमेरा ठेवला. त्याच्या अंगी धीर मात्र फार मोठा होता. त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या गावी झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराजांना लहानपणापासून चित्रकलेची आवड होती. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे ते छायाचित्रणाचे तंत्र शिकले.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग आणि मागे काच. पण त्या पेटीमागचा नियम फार जुना होता. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसरा शहरात जन्मलेल्या इब्न-अल-हैसम या शास्त्रज्ञाने प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला होता. अंधाऱ्या खोलीला लहान छिद्र ठेवले, तर बाहेरच्या उजेडाची प्रतिमा आतल्या भिंतीवर उलटी पडते. हे कसे घडते, याचा विचार त्याने केला. ‘किताब-अल-मनाज़िर’ हा त्याचा ग्रंथ तुम्हांला नावाने माहीत असेल. कॅमेरा ही तशीच एक लहान अंधारी खोली आहे. तिच्या छिद्रात भिंग बसवले की प्रतिमा स्वच्छ आणि उजळ होते.

मुलांनो, दादासाहेबांचे तरुणपण सुखाचे नव्हते. शिक्षणानंतर त्यांनी गुजरातमधील गोध्रा येथे छायाचित्रांचे दुकान काढले. तेवढ्यात प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. दादासाहेबांनी गोध्रा सोडले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत त्यांचा वाटा मोठा आहे.

दादासाहेबांनी काही काळ सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. मग नोकरी सोडून लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. चित्रे छापण्याचे नवे तंत्र शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. त्यांच्या छपाईचे नाव झाले. पण भागीदारांशी पटेना, म्हणून चालता धंदा सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळिशीचे आणि घरात लहान मुले. पुढे काय करावे, हा प्रश्न होता.

अशा दिवसांत ते मुंबईच्या गिरगावात एक चित्रपट पाहायला गेले. तो येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट होता. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. पडद्यावर चित्रे हलत होती आणि दादासाहेबांच्या मनात दुसरीच चित्रे उभी राहत होती. आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत? दुसऱ्या वेळी ते सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. ही हलती चित्रे तयार कशी होतात, हे त्यांनी पत्नीला समजावून सांगितले.

मग त्यांना दुसरे काही सुचेना. मिळेल तो चित्रपट ते पाहू लागले. फिल्मचे तुकडे आणून मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून तपासू लागले. रात्री जागवल्या. विश्रांती नाही, झोप नाही. शेवटी डोळ्यांनी संप पुकारला. त्यांना दिसेनासे झाले! ज्याला चित्रे काढायची, त्याचेच डोळे गेले तर काय उरले? सुदैवाने डॉक्टरांचे उपचार लागू पडले. वेगवेगळे चष्मे वापरत दादासाहेब पुन्हा काम करू लागले.

आता त्यांना चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला जायचे होते. त्यांनी आपल्या विम्याची पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते निघाले. लंडनमध्ये एका चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना मदत केली. सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याने आपला स्टुडिओ त्यांना दाखवला. सुमारे दोन आठवडे राहून दादासाहेब परतले. त्यांनी विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा खरेदी केला. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे यंत्रही मागवले.

यंत्र आले, पण चित्रपट काढायला लागणारा पैसा कोठून आणायचा? त्या काळी आपल्याकडे कोणी संपूर्ण कथेचा चित्रपट काढला नव्हता. अशा अनोळखी धंद्यात पैसा कोण घालणार? नुसत्या बोलण्याने कोणाची खात्री पटणार नव्हती. काहीतरी करून दाखवणे भाग होते. नट नव्हते, कपडे नव्हते, देखावे नव्हते. तेव्हा दादासाहेबांनी सर्वांत स्वस्त नट निवडला. तो म्हणजे वाटाण्याचा दाणा!

त्यांनी वाटाण्याचे बी रुजत घातले आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोखला. मग महिन्याहून अधिक काळ ते एका वेळी एकेक चित्र टिपत राहिले. बी फुगले, अंकुर फुटला, पाने उघडली, वेल वर चढला. शेवटी सारी चित्रे एकापाठोपाठ एक पडद्यावर सोडली, तेव्हा महिन्याची वाढ थोड्या क्षणांत डोळ्यांसमोरून गेली. या लहानशा चित्रपटाला ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखतात.

हे काम ऐकायला सोपे वाटते. पण थोडा विचार करा. मूकपटाच्या काळी पडद्यावर एका सेकंदात साधारण १६ चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. एवढ्या चित्रांत कॅमेरा जरा हलला, तर पडद्यावर रोप उड्या मारू लागेल. उजेड कमी-जास्त झाला, तर चित्र लुकलुकेल.

आणखी एक अडचण आहे. लहान वस्तू मोठी दिसावी म्हणून कॅमेरा जवळ न्यावा लागतो. पण वस्तू जसजशी भिंगाजवळ येते, तसतशी तिची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून दूर पडते. म्हणून भिंग पुढे सरकवून नेमके अंतर साधावे लागते. ते साधले तरी फार थोडा भाग स्पष्ट येतो. पुढचे पान स्वच्छ दिसते आणि मागचे धूसर होते. यावर उपाय म्हणजे भिंगाचे तोंड लहान करणे. पण तोंड लहान केले की आत उजेड कमी जातो. मग उजेड वाढवावा लागतो किंवा चित्र टिपायला जास्त वेळ द्यावा लागतो. वेळ जास्त दिला, तर वाऱ्याने हललेले पान पुसट येते. जवळून चित्र घेणाऱ्या प्रत्येकाला या साऱ्या गोष्टींचा मेळ घालावा लागतो. दादासाहेबांनी तो घातला आणि तोही नुकत्याच बऱ्या झालेल्या डोळ्यांनी.

वाटाण्याच्या वेलाने आपले काम केले. तो पाहून लोकांची खात्री पटली आणि दादासाहेबांना कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले. दादरला चित्रपटाचे काम सुरू झाले. त्र्यंबक तेलंग या मित्राला दादासाहेबांनी कॅमेरा चालवायला शिकवले. सरस्वतीबाई तर सर्व कामांत पुढे होत्या. त्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक करत. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडत. नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. स्त्रीची भूमिका करायला कोणी स्त्री मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने राणी तारामतीचे काम केले.

अशा रीतीने ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला. फिल्मची लांबी सुमारे ३७०० फूट होती. भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचे नाव घेतात.

पुढे दादासाहेबांनी नाशिकला जाऊन पुष्कळ चित्रपट काढले. १९१७ चा ‘लंकादहन’ फार गाजला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. इतके मोठे नाव झाले, तरी लहान वस्तूंची त्यांची ओढ गेली नाही. वाटाण्यासाठी वापरलेली एकेक चित्र घेण्याची युक्ती त्यांनी पुन्हा वापरली. आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून, प्रत्येक वेळी एक चित्र घेऊन, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा गमतीचा चित्रपट केला. त्यात आगकाड्या आपल्या आपण हलताना दिसत.

१९३१ साली आपल्याकडे बोलपट आले. आवाजाच्या नव्या युगात दादासाहेब मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि लोकही त्यांना विसरत चालले होते. पुढे भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. १९६९ सालापासून चित्रपटक्षेत्रातील थोर कामगिरीसाठी तो दिला जातो.

मुलांनो, दादासाहेबांचे हे काम तुम्हीही करून पाहू शकता. आता बहुतेक घरांत कॅमेरा असलेला मोबाइल फोन असतो. एका कुंडीत वालाचे दोन-तीन दाणे लावा. कुंडी उजेडाच्या खिडकीजवळ ठेवा आणि मागे साधा पुठ्ठा उभा करा. विटा किंवा पुस्तके रचून फोन टेकवा आणि फोनची जागा खडूने आखून ठेवा. फोन कुंडीच्या फार जवळ नेऊ नका. चित्र धूसर दिसले, तर स्पष्ट होईपर्यंत थोडे मागे घ्या. याहून जवळचे चित्र हवे असेल, तर फोनच्या भिंगावर साधे बहिर्गोल भिंग धरून पाहा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा करा, म्हणजे रोपाच्या अंधाऱ्या बाजूवरही उजेड पडेल. सरस्वतीबाईंची चादर आठवली ना? बटण दाबताना फोन हलतो, म्हणून काही सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची सोय वापरा.

रोज ठरलेल्या वेळी ४ चित्रे घेतली, तर ३० दिवसांत १२० चित्रे होतील. सेकंदाला १० या वेगाने ती दाखवली, तर तुमचा चित्रपट १२ सेकंदांचा होईल. महिनाभराची मेहनत आणि १२ सेकंदांचा खेळ! पण त्या १२ सेकंदांत वाल उगवताना दिसेल. एखादा दिवस कंटाळा येईल, एखाद्या दिवशी विसर पडेल. तेव्हा दादासाहेबांचे दुखरे डोळे आठवा आणि कुंडीपाशी जा.

स्वाध्याय

१. दादासाहेबांना चित्रपट काढण्याची कल्पना कशी सुचली?
२. लोकांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचे बी का निवडले असेल?
३. सरस्वतीबाईंनी कोणकोणती कामे केली, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. लहान वस्तूचे चित्र जवळून घेताना कोणत्या अडचणी येतात?
५. तुमच्या कुंडीतील वालाच्या वाढीची नोंद महिनाभर वहीत ठेवा आणि वर्गात वाचून दाखवा.