झाव्हिए बिशा : एक अल्पायुषी शरीरशास्त्रज्ञ

फळ खावें आणि साल टाकावी, ही जगाची रीत आहे. मृत शरीराचें विच्छेदन करणारे पूर्वीचे पंडितहि बहुधा असेंच करीत. रक्तवाहिनीवरील किंवा एखाद्या अवयवावरील पातळ वेष्टन सोलून बाजूस सारावें व मग आंतील भाग न्याहाळावा, अशी त्यांची पद्धति असे. ह्या दुर्लक्षित वेष्टनांनाच ज्यानें आपल्या अभ्यासाचा विषय केलें, त्या झाव्हिए बिशाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचण्याजोगें आहे.

फ्रान्स देशांत ज्युरा पर्वताच्या प्रदेशांत त्वारेत नांवाचें एक गांव आहे. तेथें नोव्हेंबर १७७१ मध्यें बिशाचा जन्म झाला. त्याचे वडील वैद्य होते. तेच त्याचे पहिले गुरु. पुढें लियाँ शहरीं त्यानें शस्त्रवैद्यकाचा अभ्यास आरंभिला. परंतु तो काळ राज्यक्रांतीचा होता. १७९३ सालीं लियाँस वेढा पडला आणि त्या धामधुमींतून बाहेर पडून हा बावीस वर्षांचा तरुण पॅरिसला आला.

पॅरिसच्या ओतेल-द्यू ह्या जुन्या रुग्णालयांत देसो नांवाचे विख्यात शस्त्रवैद्य शिकवीत असत. आदल्या दिवशींच्या व्याख्यानाचा सारांश एका शिष्यानें दुसऱ्या दिवशीं सर्वांपुढें सांगावा, असा तेथें परिपाठ होता. एके दिवशीं नेमलेला विद्यार्थी आला नाहीं. तेव्हां बिशा आपण होऊन उभा राहिला आणि गळ्याजवळील हाड मोडल्यास काय उपचार करावे, हा विषय त्यानें इतक्या स्पष्टपणें मांडला कीं, सर्वजण थक्क झाले. देसो यांनीं त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें व पुत्राप्रमाणें वागविलें.

हें छत्र फार दिवस टिकलें नाहीं. १७९५ च्या जून महिन्यांत देसो अकस्मात् वारले. बिशानें गुरूचें अपुरें राहिलेलें लेखन पुरें केलें, त्यांचें चरित्र लिहिलें आणि गुरुपत्नी व तिचा मुलगा यांस आधार दिला. १७९७ पासून तो स्वतः शरीरशास्त्र शिकवूं लागला. मध्यंतरीं खोकल्यांतून रक्त पडण्याचें दुखणें त्यास जडलें. तरी त्यानें काम सोडलें नाहीं. एका हिंवाळ्यांत त्यानें सुमारें सहाशें शवांची तपासणी केली, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

आमच्या खानदेशांत कापूस कोणास ठाऊक नाहीं? एकाच सुतापासून धोतर होतें, पासोडी होते आणि गाडीवरची ताडपत्रीहि होते; वीण मात्र निराळी असते. बिशाच्या ध्यानांत आलें तें असेंच. अवयव पुष्कळ असले, तरी ते थोड्याच प्रकारच्या विणींचे बनलेले आहेत. ह्या विणीला फ्रेंच भाषेंत कापडाचाच शब्द लाविला गेला; मराठींत आपण तिला ऊतक म्हणतों, आणि ऊत म्हणजेच विणलेलें. बिशानें सूक्ष्मदर्शक यंत्र वापरलें नाहीं. भिजविणें, उकळणें, वाळविणें, आम्लांत ठेवणें, अशा साध्या उपायांनीं त्यानें एकवीस ऊतकें वेगळीं केलीं. प्रथम वेष्टनांवर आणि मग १८०१ सालीं सामान्य शरीररचनेवर त्याचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. रोग हा संपूर्ण अवयवाचा नसून त्यांतील एखाद्याच ऊतकाचा असूं शकतो, ही दृष्टि त्यानें वैद्यांस दिली.

त्याचे सर्वच विचार टिकले असें नाहीं. जीवनव्यापार हे पदार्थविज्ञानाच्या नियमांपलीकडील आहेत, हें त्याचें मत पुढें मागें पडलें. एकवीस ऊतकांच्या जागीं आतां मुख्य चार प्रकार मानितात. परंतु वेष्टनांचें महत्त्व वाढतच गेलें. धमनीच्या भिंतीस तीन थर असतात. त्यांपैकीं सर्वांत बाहेरचा थर संयोजी ऊतकाचा असतो. तो धमनीस शेजारच्या भागांशीं बांधून ठेवतो आणि रक्ताच्या दाबानें तिला फाजील ताणूं देत नाहीं. मोठ्या धमनीच्या भिंतीला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या व तिचे मज्जातंतु ह्याच थरांतून जातात. अन्ननलिकेसारख्या अवयवांसहि असेंच बाह्य आवरण असतें. जें वरवरचें म्हणून टाकलें जाई, तेंच आंतल्याचें रक्षण व पोषण करणारें ठरलें.

जुलै १८०२ मध्यें ओतेल-द्यू रुग्णालयाच्या जिन्यावरून बिशा पडला. त्यानंतर त्यास ताप भरला. देसो यांच्या पत्नीनें त्याची शुश्रूषा केली. परंतु २२ जुलै रोजीं त्याचा अंत झाला. तेव्हां त्यास एकतीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. नेपोलियननें त्याच रुग्णालयांत गुरु व शिष्य या दोघांच्या स्मरणार्थ एक स्मारक उभारण्याची आज्ञा केली.

आपल्या शाळेंतील जो विद्यार्थी पुढें वैद्यकीय महाविद्यालयांत जाईल, त्यास बिशाची भेट पुस्तकांच्या पानोपानीं होईल. इतरांनींहि एवढें ध्यानांत ठेवावें कीं, आयुष्य थोडें मिळालें म्हणून कार्य थोडें होतें असें नाहीं. आणि ज्यास सर्वांनीं क्षुल्लक ठरविलें आहे, त्याकडे एकदां नीट पाहावें.