बहिष्कृत स्पिनोझा

आपल्याच लोकांनीं टाकून दिल्यावर मनांत कडवटपणा न धरितां, स्वतःच्या श्रमांवर ताठ मानेनें जगणारे पुरुष जगांत विरळाच. हॉलंडमधील तत्त्वज्ञ बारुख स्पिनोझा हा त्यांपैकीं एक होय.

त्याचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजीं अ‍ॅमस्टरडॅम शहरीं एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरीं झाला. पोर्तुगालांतील धर्मछळास कंटाळून अशीं कुटुंबें हॉलंडच्या आश्रयास आलीं होतीं. परमुलुखांत आपला धर्म व एकी टिकावी, म्हणून त्या समाजाची शिस्त मोठी कडक असे. बारुख आठ वर्षांचाही झाला नव्हता, तोंच १६४० सालीं उरिएल द कोस्टा नांवाच्या गृहस्थास धर्ममतांविषयीं शंका घेतल्याबद्दल भर सभेंत फटके मारण्यांत आले व त्यास उंबरठ्यावर निजवून लोक त्यास ओलांडून गेले. त्या लज्जेंतून तो बिचारा पुन्हां सांवरला नाहीं. लौकरच त्यानें आपल्या जीविताचा अंत केला.

बारुखनें लहानपणीं हिब्रू ग्रंथांचें अध्ययन केलें, पुढें लॅटिन शिकून देकार्तचे ग्रंथ वाचले. १६५४ सालीं वडील वारल्यावर तो भावासह व्यापार पाहूं लागला. परंतु मनांतील शंका दाबून ठेवणें त्यास साधेना. २७ जुलै १६५६ रोजीं त्याच्यावर बहिष्कार पडला. त्याच्याशीं कोणीं बोलूं नये, पत्रव्यवहार करूं नये, एका छपराखालीं राहूं नये, चार हातांच्या आंत जाऊं नये व त्याचें लिखाण वाचूं नये, असा तो निर्बंध होता. त्या वेळीं त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें. व्यापार, आप्त, बालमित्र, सारेंच त्यास अंतरलें.

क्षमा मागून परत जावें, तर मनास न पटलेलें तोंडानें कबूल करणें ही प्रतारणा झाली असती. द्वेषाची वाटही त्यानें धरिली नाहीं. बारुख या हिब्रू नांवाचा अर्थ आशीर्वाद पावलेला. त्याच अर्थाचें बेनेडिक्टस हें लॅटिन नांव त्यानें घेतलें. समाजानें शाप दिला, तरी आपल्या नांवाचा अर्थ त्यानें सोडिला नाहीं!

तो कांचेचीं भिंगें घासूं लागला. त्याच्या भिंगांची वाखाणणी हायगेन्ससारख्या शास्त्रज्ञानें केली. एका मित्राच्या इच्छेप्रमाणें त्यास वर्षाला ५०० फ्लोरिन मिळावयाचे होते. त्यानें ३०० च पुरेत म्हणून सांगितलें, असें त्याचे चरित्रकार लिहितात. १६७३ सालीं हायडेलबर्ग विद्यापीठाची प्राध्यापकीही त्यानें विचारस्वातंत्र्यास बाध येईल म्हणून नाकारिली. घरमालकिणीनें आपल्या धर्माविषयीं विचारलें असतां, तुमचा धर्म चांगला आहे, त्यांतच शांतपणें व सदाचारानें राहा, असें त्यानें सांगितल्याची आख्यायिका आहे. स्वतः दुखावलेल्यानें दुसऱ्याची श्रद्धा दुखविली नाहीं.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजीं हेग येथें फुप्फुसांच्या विकारानें तो वारला. त्याच वर्षीं मित्रांनीं त्याचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ छापिला. द्वेष द्वेषानें वाढतो व प्रेमानें शमतो, तसेंच अति गर्व व अति दीनता हीं दोन्ही स्वतःविषयींच्या अज्ञानाचींच चिन्हें होत, असें त्यांत प्रतिपादिलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, लोकांनीं धिक्कारिलें म्हणजे आपली किंमत गेली असें नव्हे. प्रामाणिकपणें विचार करावा, हातांस काम द्यावें व कोणाचा द्वेष करूं नये, हाच स्पिनोझाच्या चरित्राचा बोध होय.