हवेच्या टायरचा जनक : जॉन बॉइड डनलॉप

आपल्या वडोदऱ्याजवळ लिमडा येथे टायरचा मोठा कारखाना आहे. या टायरची कुळकथा मात्र दूर देशी, एका पशुवैद्याच्या अंगणात सुरू होते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते पुढे आयर्लंडमधील बेलफास्ट येथे व्यवसाय करू लागले. त्यांचा लहानगा मुलगा दगडी रस्त्यांवर तीनचाकी सायकल चालवी, तेव्हा भरीव रबराच्या धावांमुळे त्याला फार हादरे बसत. पित्याने १८८७ साली लाकडी तबकडीभोवती हवा भरलेली रबरी नळी बसवून ती अंगणात घरंगळविली. सायकलीच्या चाकापेक्षा ती कितीतरी दूर गेली! १८८८ साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले.

परंतु रॉबर्ट थॉमसन या देशबांधवाने हीच कल्पना १८४५ साली नोंदविल्याचे पुढे उघडकीस आले आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले. नाव जगभर झाले; अपार संपत्ती काही लाभली नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे ते निवर्तले.

डनलॉप यांनी रस्त्याचा हादरा शमविला. चाकाच्या दोषाने होणारा कंप निराळा. चाक एका अंगास किंचित जड असले, तर वेग वाढताच गाडी थरथरते. कारागीर हलक्या बाजूस लहानसे वजन बसवून तोल साधतो, ते व्हील बॅलन्सिंग. चाकांची दिशा व कल जुळवितो, ते अलाइनमेंट. दुखणे ओळखल्यावाचून औषध नाही, हे तो पशुवैद्य पुरते जाणून होता.