जुबिली हिऱ्याचे धनी : सर दोराबजी टाटा

पुण्यात डेक्कन जिमखाना हे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांच्या संग्रही एके काळी कोहिनूरच्या दुपटीहून अधिक वजनाचा हिरा होता, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच माहीत असेल. ते थोर पुरुष म्हणजे सर दोराबजी जमशेदजी टाटा. दुर्मिळ रत्नांची हौस बाळगणारे धनवान जगात पुष्कळ झाले; परंतु आपले सर्वांत मोलाचे रत्न परक्यांच्या पोटापाण्यासाठी तारण ठेवणारे आणि अखेरीस समाजाच्या स्वाधीन करणारे फार थोडे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. उद्योगमहर्षी जमशेदजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. इंग्लंडमध्ये केंब्रिजला दोन वर्षे शिक्षण घेऊन ते परतले व १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. काही काळ वृत्तपत्रात उमेदवारी केल्यावर ते वडिलांच्या कापड व्यवसायात शिरले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी कामाचे धडे घेतले. १८९८ साली म्हैसूर संस्थानातील शिक्षणाधिकारी भाभा यांची कन्या मेहरबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेहरबाई सुविद्य, साडी नेसून टेनिसची मैदाने गाजविणाऱ्या आणि बालविवाहाच्या प्रथेविरुद्ध आवाज उठविणाऱ्या होत्या.

दोराबजींना उत्तमोत्तम व दुर्मिळ वस्तू जमविण्याची मनस्वी आवड होती. त्यांच्या कलासंग्रहाने पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, शोभा वाढविली. मात्र त्यांच्या संग्रहाचा मुकुटमणी होता तो जुबिली हिरा.

या हिऱ्याची कथाही मनोरंजक आहे. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेनच्या खाणीत ६५० कॅरेटहून थोडा अधिक वजनाचा कच्चा हिरा सापडला. अ‍ॅमस्टरडॅम येथे त्याला पैलू पाडण्यात आले, तेव्हा २४५.३५ कॅरेटचे तेजस्वी रत्न सिद्ध झाले. आपल्या हिशेबाने सांगायचे तर सुमारे ४९ ग्रॅम, म्हणजे चार तोळ्यांहून अधिक वजनाचा हा एकच खडा! त्याला ८८ पैलू आहेत, आणि घडण इतकी काटेकोर की खालच्या इवल्याशा टोकावर तो तोलून उभा राहतो. आरंभी त्यास रीट्झ हे नाव होते. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ६० वर्षे झाली, त्याची आठवण म्हणून त्याचे जुबिली असे नामकरण झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडला गेला व त्यानंतर लवकरच दोराबजींनी तो पत्नीसाठी विकत घेतला. एक लाख पौंडांच्या आसपास त्याची किंमत सांगितली जाते.

१९०४ साली जमशेदजी निवर्तले आणि त्यांची अपुरी स्वप्ने पुरी करण्याची जबाबदारी दोराबजींवर आली. लोखंडाच्या शोधात त्यांनी चांदा जिल्ह्याचे रान पालथे घातले होते. तेथे निराशा झाली. पण नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भाच्या नकाशावर त्यांची नजर पडली आणि दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाचा सुगावा लागला. रत्नपारख्याची ती नजर मातीतही मोल शोधत होती. पुढे मयूरभंजमधील उत्तम खनिज हाती आले, १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी उभी राहिली आणि १९१२ साली साकची येथे पोलाद तयार झाले. हेच साकची पुढे जमशेदपूर झाले. १९१० साली दोराबजींना सर हा किताब मिळाला होता.

खेळांवर त्यांचे विलक्षण प्रेम होते. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत साधी खेड्यातील मुले अनवाणी धावताना पाहून, या मुलांना जगाच्या मैदानावर नेले पाहिजे, असे त्यांनी मनावर घेतले. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा चमू गेला, त्यात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, रणधीर शिंदे हे खेळाडू होते. खर्चासाठी दोराबजींनी पदरमोड केली.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र पोलाद कंपनीवर कठीण काळ आला. कारखान्याच्या विस्तारावर मोठा पैसा गुंतला होता, परदेशी स्वस्त पोलादाने बाजार भरला होता, आणि १९२३ च्या भूकंपाने जपानसारखे मोठे गिऱ्हाईक अडचणीत आले. १९२४ साली कामगारांच्या पगारालाही पैसा उरला नाही. ज्याने व्यापार केला आहे त्यास अशा दिवसाची कल्पना येईल. पेढी मिटवून उरलेले वाचवावे, असा सल्ला देणारे अशा वेळी कमी नसतात. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची सर्व वैयक्तिक मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहरबाईंचे दागिने होते आणि जुबिली हिराही होता. पती आणि पत्नी दोघांचाही हा त्याग. कर्ज मिळाले, पगार झाले. सरकारने त्याच वर्षी देशी पोलादास संरक्षण देणारा कायदा केला आणि कारखाना सावरला. यथावकाश कर्ज फिटून हिरा घरी परतला.

१८ जून १९३१ रोजी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने इंग्लंडकडील वेल्स प्रांतात निवर्तल्या. उभयतांना अपत्य नव्हते. पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि मार्च १९३२ मध्ये उरलेली सारी संपत्ती, पत्नीच्या जडजवाहिरासह, विश्वस्तांच्या हाती सोपविली. त्यानंतर पत्नीच्या समाधीच्या दर्शनास ते युरोपला निघाले. परंतु ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांनी देह ठेवला. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे दोघेही शेजारी शेजारी विसावले आहेत.

१९३७ साली जुबिली हिरा विकला गेला व त्याची रक्कम विश्वस्त निधीत आली. याच निधीच्या साहाय्याने १९३६ साली सामाजिक शास्त्रांचे शिक्षण देणारी संस्था, १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि १९४५ साली मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कर्करोगग्रस्त आजही परळची वाट धरतात.

हिरा आज परदेशी संग्राहकांच्या हातून फिरत आहे. त्याचे तेज कायम असेल. परंतु दोराबजींच्या घरी असताना त्याला जे मोल आले, ते कोणत्याही काट्यावर तोलता येणारे नाही. संग्रह करण्यास संपत्ती लागते, सोडण्यास मन मोठे असावे लागते. या दानशूर दांपत्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.