सृष्टिशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष बहुधा त्यांनीं एकट्यानें गाजविलेल्या पराक्रमाकडे जातें. परंतु ज्यांनीं आपल्या कार्यांत इतरांस सहभागी करून घेतलें, अशा पुरुषांचें चरित्र विद्यार्थ्यांस विशेष बोधप्रद होतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून जर्मनींतील सुप्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों.

हंबोल्ट यांचा जन्म ता. १४ सप्टेंबर १७६९ रोजीं बर्लिन येथें झाला. ते नऊ वर्षांचे असतां त्यांचे वडील निवर्तले. मुलानें सरकारी नोकरींत मानाची जागा मिळवावी, अशी मातोश्रींची इच्छा होती. मुलाचें चित्त मात्र झाडपाला, किडे व शिंपले गोळा करण्यांत रमे. तथापि त्यांनीं आईचें मन मोडलें नाहीं. फ्रायबर्ग येथें खाणविद्येचा अभ्यास करून १७९२ सालीं ते प्रशियाच्या खाणखात्यांत अधिकारी झाले. खाणींतील मजुरांची स्थिति पाहून त्यांनीं पदरचे पैसे घालून त्यांच्यासाठीं शाळा काढली आणि दूषित हवेंतही जळत राहील असा दिवा तयार केला.

१७९६ सालीं मातोश्री वारल्या. वारशानें मिळालेलें द्रव्य चैनींत न उडवितां हंबोल्ट यांनीं तें प्रवासास लावलें. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोनप्लां यांस बरोबर घेऊन ता. ५ जून १७९९ रोजीं त्यांनीं स्पेनच्या किनाऱ्यावरून अमेरिकेकडे प्रयाण केलें. पांच वर्षें त्या दोघांनीं तेथील नद्या, पर्वत व अरण्यें पालथीं घातलीं. १८०२ सालीं चिंबोरासो पर्वतावर ते त्यांच्या मोजणीप्रमाणें १९,००० फुटांहून अधिक उंच चढले, आणि हवामान बदलेल तशी वनस्पति कशी बदलत जाते हें त्यांनीं पायरीपायरीनें टिपून ठेविलें.

परंतु या प्रवासांतील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग त्यापूर्वींचा आहे. १८०० सालच्या फेब्रुवारींत ते आजच्या व्हेनेझुएला देशांतील आराग्वा दरींत गेले. तेथील वालेन्सिया सरोवराचें पाणी वर्षानुवर्षें ओसरत चाललें होतें. जमिनीखालीं एखादें भगदाड असून त्यांतून पाणी निघून जात असावें, असा पुष्कळांचा तर्क होता. हंबोल्ट यांनीं सरोवराचा कांठ तपासला, हवेची उष्णता मोजली, लोकांच्या आठवणी ऐकल्या, आणि भोंवतालच्या डोंगरांकडे पाहिलें. तेथील रानें मळ्यांसाठीं तोडलीं गेलीं होतीं, आणि निळीच्या व इतर पिकांस पाणी देण्यासाठीं ओढे पाटांनीं वळविले होते. रान असतांना जें पाणी जमिनींत मुरे, तें आतां पावसाबरोबर एकदम वाहून जाई. माती धुपे, पूर येई आणि उन्हाळ्यांत झरे आटत. लोक ज्या संकटाचें कारण भूगर्भांत शोधीत होते, तें त्यांच्याच हातून घडलें होतें.

सुमारें बावीस वर्षांनीं बूसँगो नांवाचे फ्रेंच शास्त्रज्ञ त्या दरींत गेले. मध्यंतरीं स्वातंत्र्ययुद्धामुळें मळे ओस पडून रान पुन्हा माजलें होतें, आणि सरोवराचें पाणीही पुन्हा वाढलें होतें. एकाच्या अनुमानास दुसऱ्याच्या निरीक्षणानें बळकटी आली ती अशी.

मळ्यांतून राबणाऱ्या गुलामांची दैनाही हंबोल्ट यांनीं पाहिली. भूमि व माणूस या दोघांसही ओरबाडणारी ती पद्धति त्यांस कधींच सहन झाली नाहीं. प्रशियाच्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम मुक्त व्हावा, असा कायदा १८५७ सालीं झाला. त्यासाठीं त्यांनीं उतारवयांतही खटपट केली.

१८०४ सालीं युरोपांत परतल्यावर त्यांस एक गोष्ट स्पष्ट दिसली. हवा, पाणी, वनस्पति व मनुष्य हीं परस्परांत गुंतलेलीं आहेत. तेव्हां त्यांचा शोध एकट्यास लागणें शक्य नाहीं. १८१७ सालीं त्यांनीं निरनिराळ्या देशांतील लोकांनीं घेतलेलीं तापमानें एकत्र करून समान उष्णतेचीं ठिकाणें रेषांनीं जोडलीं. १८२९ सालीं ते रशियांत चीनच्या सीमेपर्यंत जाऊन आले, व तेथें वेधशाळांची रांग उभारावी अशी त्यांनीं विनंती केली. १८३६ सालीं त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्र लिहून ब्रिटिश वसाहतींतही पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घ्यावेत असें सुचविलें. या चळवळींतून जगभर वेधशाळा उभ्या राहिल्या. आमच्या मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत असे वेध १८४१ सालीं सुरू झाले. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तें काम १९०४ सालीं अलिबागेस हलविलें, आणि तेथें तें आजही चालू आहे. हिंदुस्थान व हिमालय पाहण्याची हंबोल्ट यांची फार इच्छा होती; परंतु ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस परवानगी दिली नाहीं. ज्या देशीं त्यांचें पाऊल पडलें नाहीं, तेथेंही त्यांच्या विचारानें मूळ धरलें.

ता. ६ मे १८५९ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, ते बर्लिन येथें निवर्तले. सारी संपत्ति प्रवासांत व ग्रंथप्रकाशनांत खर्च झाली होती. त्या वालेन्सिया सरोवराच्या आसपास आज मोठीं शहरें व कारखाने आहेत, आणि त्यांच्या सांडपाण्यानें तें दूषित झालें आहे. म्हणजे हंबोल्ट यांचा धडा जगाचा अजून पाठ झालेला नाहीं.

तो आमच्या विद्यार्थ्यांनीं गिरवावा. एकानें रोजचा पाऊस मोजावा, दुसऱ्यानें विहिरीच्या पाण्याची पातळी लिहून ठेवावी, तिसऱ्यानें समोरचा डोंगर पूर्वीं कसा होता हें घरच्या वडील माणसांस विचारावें. आणि वर्षअखेर तिघांनीं आपल्या वह्या एकत्र ठेवून पाहाव्या. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांनीं असें कांहीं विचारल्यास त्यांनीं थोडी सवड काढून आपल्या आठवणी सांगाव्या. आराग्वा दरींतील कोडें सुटण्यास अशाच आठवणी उपयोगीं पडल्या होत्या.